व्हिस्कीची आणेवारी

"उजेडात या, सर. अंधारात बसून पेल्यातलं काय दिसतंय?"

रविवारी दुपारी चार वाजता समोरच्या ओट्यावरून ही हाक आली की मी पायात चपला अडकवायचो. मामा तोवर मांडी ठोकून बसलेले असायचे. हातात छोटा काचेचा पेला, तो सूर्याकडे धरलेला आणि एक डोळा मिटलेला. बायका पाण्याला चालल्यात, पोरं क्रिकेट खेळतायत, एखादी शेळी ओट्याची पायरी चढून वर येतेय, आणि हे गृहस्थ भर गल्लीत, भर उन्हात व्हिस्कीचा रंग पाहतायत.

आपल्याकडे पिणारे किती आणि पीत नाही म्हणून सांगणारे किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या नांदूरघाटात माणूस प्यायचा तो बांधाच्या आड, नाहीतर ढाब्याच्या मागच्या खोलीत, आणि घरी येताना बडीशेप चावत यायचा. उजेडात पिणारा सगळ्या पंचक्रोशीत एकच, आमचे मामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. साऱ्या गावाचे मामा होते, आणि त्यांच्या बायको साऱ्या गावाच्या मामी.

ओट्याच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींपासून हातभर अंतर सोडून, एक चौकट टांगलेली होती. नवख्याला वाटे पदवीचं प्रमाणपत्र आहे. तो होता मद्यसेवनाचा आजीवन परवाना. आपल्या राज्यात प्यायला असा कागद लागतो हे निम्म्या पिणाऱ्यांना ठाऊक नसतं, आणि उरलेले निम्मे ते विसरायलाच पीत असावेत. मामांनी मात्र तो बीडला जाऊन, फोटो चिकटवून, रीतसर काढला होता. तिथल्या कारकुनानं म्हणे वर बघून विचारलं, "कावून काढायलात हे? न्हाई काढलं तरी कोण धरायलंय तुमाला?"

"धरतील म्हणून न्हाई काढत," मामा म्हणाले. "मला लपायचं न्हाई म्हणून काढायलोय."

मामांचा उभा जन्म युसूफ वडगावच्या बाजारात एका आडत दुकानावर गेला. काम एकच. शेतकऱ्यानं आणलेला माल पाहायचा आणि तो कसा आहे ते सांगायचं. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे. ते तळहातावर चोळायचे, फुंकर मारायची, नाकाशी न्यायचे, मग एक दाणा दाढेखाली फोडायचा. त्या आवाजावरून मामा सांगत, ही जवारी किती ओली आहे, पावसात भिजली की दवात, खळ्यावर पडून होती की पत्र्याखाली. नंतर दुकानात ओल मोजायचं यंत्र आलं. ते आठवडाभर मामांच्या शेजारी ठेवलं होतं. मग यंत्र कपाटात गेलं आणि मामा होते तिथेच राहिले.

म्हातारपणी काम सुटलं तेव्हा दुकानाच्या मालकानं शाल, नारळ आणि एक परदेशी व्हिस्कीची बाटली दिली. मामा तोवर थेंबालाही शिवलेले नव्हते. मामींनी बाटली ओट्यावरच अडवली. मामा म्हणाले, "पीत न्हाई गं, नुस्तं झाकण उघडून बगतो." सवयीनं नाकाशी नेली आणि ताठ बसले.

"सर, ओ सर! ह्यात धान्य हाय!"

मी रस्ता ओलांडून गेलो. मामांचे डोळे चमकत होते. "सातू हाय ह्यात. भिजवलेला. मोड आलेला. अन् मोड आल्यावर भट्टीत वाळवलेला. आसंच करत्यात का ते लोक? तुमच्या मोबाईलमंदी बगा बरं."

मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, पण व्हिस्की कशाची करतात हे मला माहीत नव्हतं. मोबाईलवर शोधलं. तंतोतंत तसंच निघालं. मामांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "जल्मभर मोड आलेला माल नापास करत आलो. माणसं गयावया करायची, तरी बी नापास. अन् हिकडं हे लोक मुद्दाम मोड आणून बारा-बारा वर्षं पिंपात सांभाळत्यात. आपलं शिक्षान आर्धंच राहिलं की, सर."

ते अर्धं शिक्षण त्यांनी पुढं ओट्यावर पूर्ण केलं. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा भाचा अंगठ्याएवढ्या छोट्या बाटल्या आणून द्यायचा. गावातली पोरं बाहेरगावाहून एखादी अर्धी उरलेली बाटली आणायची. मामांचं माप ठरलेलं, दीड झाकण. त्याच्या वर थेंब नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "पोतं खाल्ल्यावर जवारी जास्त कळती का?"

पेला त्यांनी नारायणगडाच्या जत्रेत घेतलेला. खाली पोटात फुगीर, वर तोंडाशी निमुळता. विकणाऱ्यानं तो दिव्याचा पेला म्हणून विकला होता. मामींनी तो देवापुढं लावायला म्हणून पिशवीत टाकला आणि घरी येईपर्यंत मामांनी त्याचं नशीब बदललं. निमुळत्या तोंडात वास कोंडून राहतो, असं त्यांचं म्हणणं. मामी पुढं कित्येक दिवस त्या पेल्याकडे पाठ करून बसायच्या.

मी काही पिणारा नव्हे. मी ओट्यावर बसून नुसता वास घ्यायचो, आणि मला दर वेळी दवाखान्याचाच वास यायचा. मामांना मात्र त्यात एक गाव दिसायचं. एका बाटलीला ते म्हणाले, "आधी हरभऱ्याचं भुसकट. मंग खालून गुळाची मळी. अन् लई मागं, ट्रंकेत घडी घालून ठिवलेली शाल." धुराची म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका व्हिस्कीला म्हणाले, "लग्न उरकल्यावर आचाऱ्यानं पाणी मारून इझवलेली चूल." भाच्यानं मोठ्या कौतुकानं आणलेल्या एका महागड्या बाटलीवर त्यांचा अभिप्राय होता, "शाळेतल्या बाकाला नवं पॉलिश मारलंय अन् वर तपासनीस बसलाय." तपासनीस कशाला, म्हणून मी विचारलं. "भारीतला आव लई हाय, सर. आत काय न्हाई."

हे सारं ते एका दोनशे पानी वहीत लिहायचे आणि शेवटी आणेवारी द्यायचे. पिकाची आणेवारी काढतात तशीच. सोळा आणे म्हणजे पीक पूर्ण, काही म्हणता काही कमी नाही. सोळा आणे मामांनी कुठल्याच व्हिस्कीला दिले नाहीत. फार तर चौदा. "सोळा आणे पीक मी डोळ्यांनी बगितलेलं न्हाई," ते म्हणायचे, "मंग वहीत कसं लिहू?"

मी गंमत म्हणून मोबाईलवर त्यांचं बोलणं चित्रित करू लागलो आणि ते व्हिडिओ पसरले. कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले आमच्या गावचे लोक पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून ते पाहायचे. पुण्यामुंबईची, व्हिस्कीतलं कळणारी माणसं पाहायची. एकानं लिहिलं, आजवर इंग्रजीत वाचलेल्या वर्णनांतलं मला काही समजलं नव्हतं, तुमच्या हरभऱ्याच्या भुसकटानं समजलं. मी ते वाचून दाखवलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि आत बघून ओरडले, "ऐकलं का गं?"

"ऐकलं," आतून मामी. "त्या बाटलीला चौदा आणे, अन् आमच्या भाकरीला बारा!"

हा त्या घरातला जुना वाद. मामा रोज जेवताना भाकरीची आणेवारी करायचे. पहिला घास मोडायचा, पापुद्रा नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "बारा आणे." पीठ जुनं असलं तर अकरा. लग्नाला चाळिसेक वर्षं झाली असतील, तेरावर आकडा कधी गेला नाही. मामी चिडायच्या, पण ताट वाढून झालं की आकडा ऐकल्याशिवाय चुलीपुढून उठायच्या नाहीत.

मग एका हिवाळ्यात मामांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला. नवव्या दिवशी मामा माझ्या घरी आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "सर, नाक गेलं."

मला आधी कळेना. त्यांनी खिशातून लसणाची पाकळी काढली, चेचली आणि नाकाशी धरली. "काय बी न्हाई. नळाचं पाणी हुंगल्यावानी." मामा पुन्हा पुन्हा तीच पाकळी हुंगत होते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, येईल परत, पुष्कळांचं येतं. ते म्हणाले, "व्हिस्की गेली तर जाऊ द्या. हिच्या भाकरीचा वास येईना. आन् ही तर चुलीपुढं वाट बगत बसती आकड्याची."

"मग मामींना सांगा ना."

"न्हाई. ती रडंल. अन् मंग मला बरं वाटावं म्हणून रोज येगळं करून घालंल. मला कळायचंच न्हाई त्यातलं. लई वंगाळ वाटंल मला."

मग आम्ही एक उद्योग सुरू केला. माझ्या कपाटात पाच बरण्या ठेवल्या, ओवा, हिंग, लवंग, गूळ आणि मूठभर कडबा. रोज सकाळी मामा दूध आणायच्या निमित्तानं यायचे, डोळे मिटायचे आणि मी एकेक बरणी नाकाखाली धरायचो. शाळेत मी पोरांची तोंडी परीक्षा घ्यायचो तसं. दीड महिना सगळ्या बरण्यांना एकच उत्तर, "न्हाई." एकदा लवंगेला म्हणाले, "काय तरी चरचरतंय." तो वास नव्हता, झोंबणं होतं, पण त्या दिवशी आम्ही दोघांनी दोन दोन कप चहा प्यायला.

ओट्यावरचा रविवार मामांनी बंद केला नाही. जुन्या वहीतल्या बाटल्या परत काढायचे आणि आठवणीनं बोलायचे. कुणाला कळलं नाही. घरात मात्र कळत होतं, फक्त चुकीचं कळत होतं. एकदा मामी माझ्या बायकोपाशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "काल भाकरी करपली. पार काळी झाली. मला वाटलं, बोलतील. तर म्हणले, बारा आणे. जेवणात लक्षच न्हाई. आता आमच्या हातात काय राहिलं न्हाई त्यांच्या मतानं." बायकोनं मला ते सांगितलं तेव्हा मला मान वर करवेना. मी मामांना शब्द दिला होता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत बाप्पांच्या घरी लग्न निघालं.

बाप्पा म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रस्थ. जमीन मोठी, आवाज मोठा, राजकारणात ऊठबस. मुलीच्या लग्नात खास पाहुण्यांसाठी त्यांनी एका परदेशी व्हिस्कीचे बारा खोके आणले होते. विमानतळावरून थेट आलाय माल, असं देणाऱ्यानं सांगितलेलं. बाप्पांनी मामांना निरोप धाडला, शेतावर या, आणि व्हिडिओत सांगा की माल अस्सल आहे. मामांनी उलटा निरोप दिला, "तपासल्याबिगर सांगत न्हाई."

बाप्पा स्वतः ओट्यावर आले. "म्हंजी? माझा माल खोटा म्हणता का काय?"

"खोटा म्हणत न्हाई, बाप्पा. खरा बी म्हणत न्हाई. आदी बगावं लागंल."

गल्ली गोळा झालेली. बाप्पांना ते झोंबलं. "मंग आमी बी तुमचं नाक तपासणार. रविवारी चार वाजता शेतावर. पाच पेले ठिवतो, तुमच्यामागं भरतो. एक माझ्या खोक्यातला. एक त्याच व्हिस्कीचा, पण माझ्या साडूनं विलायतेहून हातानं आणलेल्या बाटलीतला. बाकी माझ्या मनाचे. सगळे वळखले तर तुमी म्हणाल ते खरं. एक जरी चुकला, तर हा परवाना खाली उतरवायचा अन् ओट्यावरचं हे दुकान बंद. कबूल?"

मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कबूल. पण घाई करायची न्हाई. मला लागंल तेवढा येळ."

बाप्पा गेल्यावर मी भडकलोच. मामा शांत होते. "सर, लग्नात माणसं ते पिणार हायत. ह्या दिसांत खोट्या मालानं डोळे जात्यात माणसांचे. मी न्हाई म्हणलं तर सगळे म्हणतील अस्सल हाय." मग तळवे उघडून म्हणाले, "नाक न्हाई. हात हाय की."

रविवारी बाप्पांच्या शेतावर चिंचेखाली निम्मं गाव लोटलं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर स्टीलचे पाच पेले. कोणत्या पेल्यात काय याची चिठ्ठी बाप्पांनी खिशात घातली होती. मामा आपला दिव्याचा पेला घेऊन आले होते. सावलीतली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून उन्हात ठेवली.

पहिले चारही पेले त्यांनी नाकाशी नेले. लोकांना वाटलं, वास घेतायत. मला माहीत होतं, नळाचं पाणी. 

मग मामांनी बाजारातलं काम सुरू केलं. पहिल्यातली थोडी व्हिस्की तळहातावर ओतली, दोन्ही हात चोळले, उन्हात उघडे धरले. बोटं जुळवून सोडली. जिभेच्या टोकाला थेंब लावला आणि डोळे मिटून बसले. "ही आपल्याकडचीच. हलकी. पण खोटी न्हाई." हात धुतले. दुसरी तशीच चोळली. निकाल राखून ठेवला. तिसरी चोळली, बोटं जुळवली आणि ती सुटेनात. "ही चिकटती," ते म्हणाले. "साखर करपवून रंग दिलाय." चौथी चोळून दुसऱ्या पेल्याकडे बघितलं. "दोन अन् चार, एकाच बाटलीतल्या. बाप्पा, चकवा टाकला व्हय?"

बाप्पांचा चेहरा किंचित हलला. गर्दीत कुजबुज झाली. आता राहिला होता पाचवा. तो साडूचा अस्सल असायला हवा. पण मामांनी तेवढ्यावर सांगितलं असतं तर ते अंदाजानं सांगणं झालं असतं, आणि अंदाजानं ते कधी बोलले नव्हते.

त्यांनी पाचवी व्हिस्की हातावर घेतली, चोळली, उन्हात धरली. हात कोरडे झाले. मग त्यांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं दोन्ही तळवे नाकाशी नेले.

आणि तिथेच थांबले. हात खाली आणेनात. आधी मला वाटलं, आठवतायत. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. तळव्यांच्या आडून आवाज आला, "भाकरी."

बाप्पा मोठ्यानं हसले. "व्हिस्कीत भाकरी? आरं, म्हाताऱ्याला पाणी द्या रं कुणी तरी!"

मामांनी हात खाली घेतले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "भाकरीच हाय, बाप्पा. भाजल्या धान्याचा वास. तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली की पापुद्रा सुटतो, तवाचा वास." मग माझ्याकडे बघून, लहान पोराला पहिला पाढा पाठ झाला की जसं सांगतात तसं म्हणाले, "सर, आला!"

मी मोबाईल बंद करून टाकला. मला ते चित्रित करायचं नव्हतं.

पुढच्या पाच मिनिटांत मामांनी जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. सगळे पेले परत ओढले आणि या वेळी खरंच नाकाशी नेले. एखाद्याला महिनाभर उपाशी ठेवून पंगतीत बसवावं तसे. पहिला पेला, "भुसकट, अन् मागं थोडं केळ." दुसरा आणि चौथा, "ओल्या लाकडाची वखार. दोनी बी तीच, पण चौथ्या पेल्यात सकाळी ताक होतं. घासलाय, पण कडंला राहिलंय." स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायका फिस्सकन हसल्या. त्यातल्या एकीनं जीभ चावली. तिसरा पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "स्पिरिट. करपलेली साखर. अन् रंग काढायला उकळलेली बाभळीची साल. हा तुमच्या खोक्यातला. पाचवा साडूंचा."

बाप्पांनी चिठ्ठी काढली, स्वतःशीच वाचली आणि पुन्हा घडी घातली. एरवी माणूस तिथं चिडला असता. पण बाप्पाही शेतकऱ्याच्याच पोटचे. त्यांनी तिसरा पेला उचलला, वास घेतला, मग पाचवा घेतला, मग पुन्हा तिसरा. "आरारारा," ते हळूच म्हणाले. देणाऱ्याला फोन लावला. तो बंद होता, आणि तो पुढं कधी चालू झाला नाही.

खोके तिथेच फोडले. पहिली बाटली बाप्पा लिंबाच्या बुडात ओतायला निघाले तर मामा ओरडले, "बाप्पा, लिंबाचं काय चुकलंय?" अख्खी गर्दी हसली आणि बाप्पाही हसले. बाटल्या मुरमाच्या खड्ड्यात रिकाम्या झाल्या. लग्नात पाहुण्यांना उसाचा रस मिळाला, आणि बाप्पा मांडवभर सांगत फिरले की आमच्या गावात असं नाक आहे. साडूची उरलेली अस्सल बाटली त्यांनी मामांच्या हातात कोंबली. मामांना गावकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून, हलगी लावून आणलं. ते बाटली काखेत धरून उन्हाकडे बघत बसले होते.

घरी पोचलो तेव्हा मामी चुलीपुढं होत्या. हलगी ऐकूनही उठल्या नव्हत्या. मामा तसेच आत गेले आणि पाटावर बसले. मी उंबऱ्यात उभा राहिलो. मामींनी ताट सरकवलं. मामांनी पापुद्रा मोडला, नाकाशी नेला आणि बराच वेळ धरला.

"आज एका अंगानं करपली," ते म्हणाले. "पीठ बी दोन दिसांचं हाय. साडेअकरा."

मामींनी काठवटीवरचा हात थांबवला. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग इतक्या जोरात म्हणाल्या, की गल्लीत ऐकू गेलं असेल, "साडेअकरा? दिवसभर बाटल्या हुंगून आलात अन् माझ्या भाकरीला साडेअकरा?" त्या भांडत होत्या आणि डोळे पुसत होत्या आणि दुसरी भाकरी थापत होत्या. मी दार ओढून घेतलं आणि घरी आलो. पाच बरण्या मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात परत दिल्या. बायको म्हणाली, ओव्याला हिंगाचा वास कशानं लागला?

त्यानंतर आणखी दोन वर्षं मामांचे रविवार झाले. गावातली चार-पाच माणसं उजेडात येऊन बसू लागली. दीड झाकण, त्यावर नाही. खुद्द बाप्पा यायचे आणि वास घेऊन म्हणायचे, "मला तर दवाखानाच येतो." माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती तिथे.

मामा गेले ते एका सकाळी, दूध आणायला निघाले असताना, ओट्यावरच. हृदयाचं दुखणं होतं. दारूनं गेला, असं आमच्या गावात एकही माणूस म्हणाला नाही, आणि पिणाऱ्या माणसाला याहून मोठा मान आमच्याकडे मिळत नाही.

दिवसपाणी उरकल्यावर मामींनी मला बोलावलं. परवाना भिंतीवर होता तिथेच होता. दिव्याचा पेला त्यांनी अखेर देवापुढं नेला होता आणि त्यात वात जळत होती. त्यांनी ती दोनशे पानी वही माझ्यापुढं ठेवली. "मला चष्म्याबिगर दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर होता. "तेवढं बाप्पाच्या शेतावरचं वाचा."

मी ते पान काढलं. पाच पेले, पाच नोंदी. तिसऱ्यापुढं शून्य. पाचव्यापुढं चौदा. आणि त्याच्या खाली, जिथं मामा कधी काही लिहीत नसत, तिथं आणखी एक ओळ होती. ती मी मोठ्यानं वाचली.

"संध्याकाळी घरची भाकरी. एका अंगानं करपलेली. पीठ दोन दिवसांचं. सोळा आणे."

मामींनी चष्मा पदरानं पुसला. "परत वाचा," म्हणाल्या. मी परत वाचलं.

"अन् तोंडावर साडेअकरा!" त्यांनी माझ्या हातातून वही ओढून घेतली, त्या पानात बोट घातलं, पदर सावरला आणि ओटा उतरल्या. पलीकडच्या घरात गेल्या. तिथल्या सुनेला वाचायला लावलं. मग त्याच्या पुढच्या घरात. मी ओट्यावर बसून बघत होतो. दुपारचं लख्ख ऊन होतं, मामी दर दारात वही उघडून उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येक दारातून तो आकडा मोठ्यानं ऐकू येत होता. गल्ली संपली तरी त्या परतल्या नाहीत. बोट पानात तसंच ठेवून बाप्पांच्या घराच्या दिशेनं चालू लागल्या.